सहा महिन्यांची सही

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला होता ‘जेरुसलेमचा प्रश्न’. एवढा मोठा विषय एका बैठकीत मांडायची माझी ताकद नाही. म्हणून मी आज फक्त एका कायद्याबद्दल बोलणार आहे, आणि त्या कायद्यातल्या एका कलमाबद्दल जास्त. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

डिसेंबर २०१७. जेरुसलेम ही इस्रायलची राजधानी असल्याचं डोनाल्ड ट्रम्प यांनी जाहीर केलं आणि अमेरिकेचा दूतावास तेल अवीवमधून तिकडे हलवायचे आदेश दिले. त्या रात्री मी रागाच्या भरात एक लांबलचक पोस्ट लिहिली. मथळा होता, ‘ट्रम्प यांनी अमेरिकेचाच कायदा धाब्यावर बसवला’. भराभर शेअर झाली. आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर तर ती मलाच तीन जणांकडून परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. ‘सर, कायदा मोडलेला नाही, पाळलाय. १९९५चा आहे. वाचून बघा.’

वाचून बघितलं. ती बरोबर होती.

लाज वाटली ती चुकीपेक्षाही एका वेगळ्या गोष्टीची. हा कायदा वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता. आमच्या घरी अब्बा उर्दू दैनिक वाचायचे आणि मी मराठी. साधारण जून आणि डिसेंबरमध्ये आतल्या पानावर चार ओळींची बातमी यायची, की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दूतावास हलवण्याचा निर्णय पुन्हा सहा महिने पुढे ढकलला. अब्बा ती मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, “चला, अजून सहा महिने.” जणू घरमालकाने मुदत वाढवून दिली. मलाही बरं वाटायचं. काय पुढे ढकललं, कशाच्या आधारावर, कोणाच्या हितासाठी, हे मी एकदाही विचारलं नाही.

आता कायद्याकडे येतो.

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. तिची दोन सभागृहं आहेत, सिनेट आणि प्रतिनिधिगृह. २४ ऑक्टोबर १९९५ला या दोन्ही सभागृहांनी ‘जेरुसलेम दूतावास कायदा’ मंजूर केला. सिनेटमध्ये ९३ विरुद्ध ५ मतांनी, प्रतिनिधिगृहात ३७४ विरुद्ध ३७ मतांनी. विधेयकामागे होते सिनेटमधले रिपब्लिकन नेते बॉब डोल, आणि डोल पुढच्या वर्षीची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवण्याच्या तयारीत होते. राष्ट्राध्यक्ष होते बिल क्लिंटन. त्यांनी विधेयकावर सहीही केली नाही आणि ते नाकारलंही नाही. तिथल्या राज्यघटनेनुसार काँग्रेसचं कामकाज चालू असताना विधेयक राष्ट्राध्यक्षांकडे रविवार सोडून दहा दिवस तसंच पडून राहिलं, तर सहीविना कायदा होतं. तसं ते ८ नोव्हेंबरला झालं.

तारखा लक्षात ठेवा. त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरच्या शेवटी, इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेत ओस्लोचा दुसरा करार वॉशिंग्टनमध्येच झाला होता. जेरुसलेमचं काय करायचं हे अंतिम बोलणीत ठरेल, असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं होतं. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर वाटाघाटीच्या टेबलावर निघायचं होतं, त्याचं उत्तर अमेरिकी काँग्रेसने आपल्या कायद्यात आधीच लिहून टाकलं. आणि विधेयक मंजूर झालं त्यानंतर अकरा दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा एका ज्यू अतिरेक्याने खून केला.

कायद्यात आहे काय? जेरुसलेम अविभाजित राहावं, त्याला इस्रायलची राजधानी म्हणून मान्यता द्यावी, आणि ३१ मे १९९९पर्यंत अमेरिकेचा दूतावास तिथे उभा राहावा, हे अमेरिकेचं धोरण आहे, असं कलम ३मध्ये म्हटलंय. आपण वाचताना इथेच थांबतो. खरी पकड पुढच्या पोटकलमात आहे. १९९९च्या आर्थिक वर्षात परराष्ट्र खात्याला परदेशातल्या इमारती घेण्यासाठी आणि त्यांच्या देखभालीसाठी जो पैसा मंजूर होईल, त्यातला निम्म्याहून जास्त खर्च करता येणार नाही. कधीपर्यंत? तर जेरुसलेममध्ये दूतावास अधिकृतपणे उघडला, असं परराष्ट्रमंत्री काँग्रेसला कळवत नाहीत तोपर्यंत.

‘राष्ट्राध्यक्षांनी दूतावास हलवलाच पाहिजे’ असा थेट हुकूम काँग्रेसने सोडलेला नाही. का? कारण तसा हुकूम त्यांना देता येतो का, हाच वाद होता. कोणत्या राष्ट्राला आणि कोणत्या सरकारला मान्यता द्यायची, राजदूत कुठे पाठवायचा, हे तिथे राष्ट्राध्यक्षांचं काम मानलं जातं. मे १९९५मध्ये, विधेयक मंजूर होण्याआधीच, क्लिंटन सरकारच्या कायदा विभागाने लेखी मत दिलं होतं की हे घटनेत बसत नाही. पण तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे आहे. मग त्यांनी हात धरण्याऐवजी खिसा धरला. जगभरातल्या अमेरिकी वकिलातींच्या इमारतींचा पैसा एका शहरातल्या एका इमारतीसाठी ओलीस ठेवला. आणि हा पैसा साधासुधा नव्हता. ऑगस्ट १९९८मध्ये नैरोबी आणि दार-एस-सलाममधल्या अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले, दोनशेहून जास्त माणसं मेली, त्यातली बहुतेक आफ्रिकन. त्यानंतर इमारतींच्या खर्चाला निम्म्याने कात्री लावणं कोणत्या राष्ट्राध्यक्षाला परवडलं असतं?

आता कलम ७. माझ्या मते सगळा कायदा या कलमात आहे. विधेयक सिनेटमधून सुटावं म्हणून झालेल्या तडजोडीतून ते आलं. १ ऑक्टोबर १९९८पासून राष्ट्राध्यक्षांना ही पैशांची अट सहा महिन्यांसाठी स्थगित ठेवता येईल. त्यासाठी एकच गोष्ट करायची. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षेच्या हितासाठी अशी स्थगिती आवश्यक आहे, असं ठरवून काँग्रेसला आधी कळवायचं. सहा महिने संपले की पुन्हा कळवायचं. किती वेळा? मर्यादा नाही.

याला इंग्रजीत ‘वेव्हर’ म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रांत कधी ‘सूट’ छापून यायचं, कधी ‘सवलत’. मी ‘स्थगिती’ म्हणतो, कारण सूट म्हटलं की कायद्यातून सुटका झाली असं वाटतं. सुटका कशातूनच झाली नव्हती. राष्ट्राध्यक्ष सही करायचे ती फक्त पैशांच्या अटीपुरती. ‘जेरुसलेम ही इस्रायलची राजधानी’ हे धोरणाचं वाक्य कायद्याच्या पुस्तकात जसंच्या तसं राहायचं. आम्ही घरात सुटकेचा नि:श्वास टाकायचो तेव्हाही ते तिथेच होतं.

पहिली सही क्लिंटन यांनी जून १९९९मध्ये केली. मग दर सहा महिन्यांनी. त्यांच्यानंतर आले जॉर्ज बुश. २०००च्या प्रचारात त्यांनी सांगितलं होतं की सत्तेवर आल्याबरोबर दूतावास हलवण्याची प्रक्रिया सुरू करू. जून २००१मध्ये त्यांनीही सही केली आणि पुढची आठ वर्षं करत राहिले. गंमत बघा. बुश यांच्या कागदावर एक जादा वाक्य असायचं, की दूतावास हलवण्याची प्रक्रिया सुरू करायला आमचं सरकार बांधील आहे. म्हणजे एकाच कागदावर वचन आणि त्याच वचनाची तहकुबी! ओबामा उमेदवार असताना २००८मध्ये म्हणाले की जेरुसलेम इस्रायलची राजधानी राहील आणि अविभाजित राहिलं पाहिजे. त्यावर गदारोळ झाल्यावर त्यांना खुलासा करावा लागला की शेवटी हे दोन्ही पक्षांनी वाटाघाटीत ठरवायचं आहे. निवडून आल्यावर त्यांनी बुश यांचं ते जादा वाक्य काढलं, पण सही आठ वर्षं चालूच ठेवली.

यात कोणाचं नुकसान झालं? खासदारांचं नाही. त्यांना मतदारांसमोर सांगता आलं की आम्ही मत दिलं, अडवलं ते राष्ट्राध्यक्षांनी. राष्ट्राध्यक्षांचंही नाही, कारण त्यांचे हात मोकळे राहिले. उमेदवारांना दर चार वर्षांनी द्यायला एक आयतं वचन मिळालं. परिणामांची भीती नसताना मत देणं किती सोपं असतं ते ९३-५ या आकड्यात दिसतं. कलम ७ नसतं, तर त्यातले किती हात वर गेले असते, याबद्दल मला दाट शंका आहे.

कोणीतरी म्हणेल, वाईट काय झालं? अठरा वर्षं दूतावास हलला तर नाही. हे खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. त्या सह्यांमुळे अमेरिका निदान व्यवहारात उरलेल्या जगाच्या जवळपास राहिली. १९८०मध्ये इस्रायलने स्वतःच्या कायद्याने संपूर्ण जेरुसलेम राजधानी जाहीर केलं, तेव्हा सुरक्षा परिषदेने ठराव ४७८ करून ते अमान्य केलं आणि ज्यांचे दूतावास तिथे आहेत त्यांनी ते बाहेर न्यावेत असं सांगितलं. १४ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, अमेरिका तटस्थ.

पण स्थगितीच्या कागदावर कारण काय लिहिलं जायचं ते पुन्हा बघा. ‘अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षेचं हित’. पूर्व जेरुसलेम १९६७पासून ताब्यात घेतलेला प्रदेश आहे म्हणून नाही. तिथे राहणाऱ्या लाखो पॅलेस्टिनींचा त्या शहरावर हक्क आहे म्हणूनही नाही. त्यांचं नाव त्या कागदावर यायचं कारणच नव्हतं, कारण कायद्याने तो निकष ठेवलेलाच नव्हता. आमचे अब्बा ज्या बातमीवर समाधान मानायचे, ती अमेरिकेने स्वतःचा हिशेब करून घेतलेल्या निर्णयाची बातमी होती. हिशेब बदलला की निर्णय बदलणार होता.

जमिनीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. कायद्याच्या सहा वर्षं आधी, जानेवारी १९८९मध्ये, अमेरिकेने जेरुसलेममधला एक भूखंड दूतावासासाठी इस्रायलकडून भाडेपट्ट्याने घेण्याचा करार केला होता. ९९ वर्षं, वर्षाला एक डॉलर. ब्रिटिशांच्या काळात तिथे अ‍ॅलनबी बराक्स नावाची लष्करी छावणी होती, आणि ब्रिटिशांनी ती जमीन पॅलेस्टिनी कुटुंबांकडून भाड्याने घेतली होती. १९४८मध्ये ही कुटुंबं निर्वासित झाली. इतिहासकार वलीद खालिदी यांनी जुनी कागदपत्रं तपासून २०००मध्ये दाखवून दिलं की त्यातली किमान ७० टक्के जमीन पॅलेस्टिनी निर्वासितांच्या मालकीची आहे. त्यांच्या वारसांत अमेरिकेचे नागरिकही आहेत. म्हणजे अमेरिकी नागरिकांच्या आजोबांची जमीन, अमेरिकी सरकारला, वर्षाला एक डॉलर भाड्याने. दर सहा महिन्यांनी वॉशिंग्टनमध्ये जी सही व्हायची, तिच्यात या वारसांना काहीच जागा नव्हती.

दरम्यान न्यायालयातही हाच वाद गेला होता, वेगळ्या दाराने. २००२मध्ये काँग्रेसने आणखी एक तरतूद केली. जेरुसलेममध्ये जन्मलेल्या अमेरिकी नागरिकाने मागितलं, तर पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून ‘इस्रायल’ लिहायचं. बुश यांनी त्या कायद्यावर सही केली आणि सहीबरोबरच नोंदवलं की ही तरतूद राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारात ढवळाढवळ करते. त्याच वर्षी तिथे जन्मलेल्या एका मुलाच्या आईवडिलांनी परराष्ट्र खात्याला कोर्टात खेचलं. झिवोतोफ्स्की विरुद्ध केरी या नावाने गाजलेल्या त्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून २०१५मध्ये दिला, ६ विरुद्ध ३. मान्यता देण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षांचा आहे, काँग्रेसला त्यांच्या तोंडून वेगळं वदवून घेता येणार नाही.

तेव्हा आपल्याकडच्या काही जाणकारांनी याला पॅलेस्टाईनच्या बाजूचा निकाल म्हटलं. मीही म्हटलं असेल. नीट वाचला असता तर कळलं असतं की न्यायालयाने जेरुसलेम कोणाचं याबद्दल काहीच ठरवलं नव्हतं. ठरवलं होतं ते एवढंच, की वॉशिंग्टनमध्ये हे कोणी ठरवायचं. जो एकटा माणूस ‘नाही’ म्हणू शकतो, तोच एकटा माणूस उद्या ‘हो’ म्हणू शकतो. अडीच वर्षांत तसंच झालं.

२०१७ची क्रमवारी बघण्यासारखी आहे. १ जूनला ट्रम्प यांनी आधीच्यांसारखीच सहा महिन्यांची सही केली. चार दिवसांनी, ५ जूनला, सिनेटने १९९५च्या कायद्याचा पुनरुच्चार करणारा ठराव ९० विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन, दोघांनी. ६ डिसेंबरला ट्रम्प यांनी घोषणा केली, आणि त्याच दिवशी पुन्हा स्थगितीच्या कागदावरही सही केली! कारण इमारत तयार नव्हती आणि सही केली नसती तर पैशांची अट लागू झाली असती. ज्या कलमाने अठरा वर्षं दूतावास थांबवला असं आपण समजत होतो, तेच कलम आता दूतावास हलवणाऱ्याच्याही कामी आलं.

माझ्या त्या पोस्टवर परत येतो. ट्रम्प यांनी आंतरराष्ट्रीय सहमती मोडली, सुरक्षा परिषदेच्या ठरावांच्या विरुद्ध वागले, हे म्हणणं बरोबर आहे आणि मी आजही म्हणेन. पण अमेरिकेचा कायदा त्यांनी मोडला नाही. तो २२ वर्षं भरलेल्या बंदुकीसारखा तिथेच होता, आणि त्यात गोळी भरणाऱ्यांत आपण ज्यांना ‘चांगले अमेरिकन’ समजतो तेही होते. सगळं खापर एका माणसावर फोडलं की बाकीचे ९३ सुटतात.

१४ मे २०१८ला दूतावास उघडला. अ‍ॅलनबीच्या भूखंडावर नव्हे, अर्नोना भागात आधीपासून असलेल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या इमारतीत. त्याच दिवशी, शंभर किलोमीटरच्याही आत, गाझाच्या कुंपणापाशी निदर्शनं करणारे सुमारे ६० पॅलेस्टिनी इस्रायली सैन्याच्या गोळीबारात मारले गेले. टीव्हीवर पडद्याचे दोन भाग केले होते. एका बाजूला समारंभ, दुसऱ्या बाजूला धूर. अब्बांनी टीव्ही बंद करायला सांगितला.

आपल्या देशाचं काय, असं तुम्ही विचारालच. ट्रम्प यांच्या घोषणेनंतर सुरक्षा परिषदेत १४ विरुद्ध १ असा सामना झाला आणि अमेरिकेने नकाराधिकार वापरला. मग प्रश्न आमसभेत गेला. २१ डिसेंबर २०१७ला १२८ देशांनी जेरुसलेमचा दर्जा बदलू पाहणारे निर्णय निरर्थक ठरवणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला. ९ विरोधात, ३५ तटस्थ. भारत १२८मध्ये होता. इस्रायलशी जवळीक कितीही वाढली तरी भारताचा दूतावास तेल अवीवमध्येच आहे. त्या मताची बातमी आपल्यातल्या किती जणांनी फॉरवर्ड केली? मी केली नाही. राग फॉरवर्ड करायला सोपा असतो.

अब्बांना जेरुसलेम म्हटलं की आठवायचे मौलाना मोहम्मद अली जौहर. १९३१च्या जानेवारीत गोलमेज परिषदेसाठी गेलेले असताना ते लंडनमध्ये वारले आणि त्यांना बैतुल मुकद्दसमध्ये, हरम शरीफच्या शेजारी दफन केलं. अब्बांसाठी ते शहर असं घरातलं होतं. हे नातं मला मोलाचं वाटतं. पण नात्याच्या जोरावर आपण बातमी वाचतो आणि कायदा वाचायचा राहून जातो, तशी माझी गत झाली.

पुढचं थोडक्यात. मार्च २०१९मध्ये पॅलेस्टिनींशी व्यवहार करणारी जेरुसलेममधली अमेरिकेची स्वतंत्र वाणिज्य वकिलात दूतावासात विलीन केली गेली. बायडन आले तेव्हा अनेकांना वाटलं, आता चक्र उलटं फिरेल. फेब्रुवारी २०२१मध्ये दूतावास जेरुसलेममध्येच राहावा या दुरुस्तीवर सिनेटमध्ये मतदान झालं. ९७ विरुद्ध ३. ती स्वतंत्र वकिलात पुन्हा उघडू, असं बायडन सरकार सांगत राहिलं आणि त्यांची मुदत संपली तरी ती उघडली नाही. तेव्हा जून-डिसेंबरची ती चार ओळींची बातमीसुद्धा येत नव्हती, कारण आता स्थगित ठेवायला काही उरलं नव्हतं.

त्या मुलीचा मेसेज मी अजून जपून ठेवलाय. ती आता वकिली करते. तिला विचारलं होतं, तू हा कायदा कसा काय वाचला होतास? म्हणाली, “सर, प्रकल्पासाठी लागला होता. छोटा आहे, शेवटपर्यंत वाचला.”

त्या कायद्याच्या झेरॉक्स प्रती मी आणल्या आहेत. मोजकीच पानं आहेत. इंग्रजी अवघड नाही, अडलं तर मी आहे. दोघांत एक अशी घ्या, मागच्या बाकांपर्यंत पोचू द्या. आधी कलम ७ काढा. मग मागे येऊन कलम ३ वाचू.